घट्ट झाकणाचा थर्मास

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. वारा नाही, पाऊस नाही, नुसती ओली थंडी. तारेवरचे कपडे वाळायचं सोडून आणखी भिजले होते. सर दारात उभे होते. खांद्याला पिशवी, पिशवीत मी, आणि माझ्या पोटात सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ओतलेला आल्याचा चहा. मोठ्या सुट्टीनंतर सरांचा जिम्नॅस्टिक्सचा क्लब त्या दिवशी उघडणार होता. सर पायरी उतरले, तोच धुक्यातून शेजारचे सलूनवाले पुढे आले आणि म्हणाले, "सर, जरा थांबा."

ते पुढे काय म्हणाले ते सांगायचंच आहे. पण आधी मी कोण, ते सांगतो. घाई करून मला जमत नाही. माझा जन्मच मुळी धीर धरण्यासाठी झाला आहे.

मी एक थर्मास आहे. स्टीलचा, निळ्या रंगाचा, हातभर नाही पण वीतभरापेक्षा उंच. शाळा-बिळा मला ठाऊक नाही. माझ्या पोटावर काहीतरी कोरलं आहे, तेही मला वाचता येत नाही. लोक मोठ्याने वाचतात तेव्हा कळतं.

एका मोठ्या कारखान्यात पत्रा दाबून, वळवून दोन नळकांडी केली, एकात एक बसवली आणि मधली हवा काढून घेतली. त्या रिकाम्या जागेमुळे आतलं गरम ते गरम राहतं. म्हणजे माझी सगळी करामत पोकळीतली. शेवटी एका बाईने माझ्या झाकणात रबराची कडी बसवली, झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे फार घट्ट बसतंय गं."

शेजारी बसलेली म्हणाली, "बसू दे. गळण्यापेक्षा बरं."

झालं. माझ्या नशिबाचा निकाल तिथेच लागला.

पुढे मी एका दुकानाच्या फळीवर बसलो. वर्ष संपत आलं, मोठी सुट्टी जवळ आली, की त्या दुकानात भेटी घ्यायला गर्दी होते. मी फळीवरून माणसं बघायचो. माणूस स्वतःसाठी काही घेतो तेव्हा ती वस्तू हातात धरून बघतो. दुसऱ्यासाठी घेतो तेव्हा म्हणतो, "याला खोका चांगला आहे ना?"

एक दिवस तिघं आले. एक जुळ्यांची आई, आणि एक नवरा-बायको. नवऱ्याचं गॅरेज होतं. नखांत काळं तेल, आणि पंजे असे की पाना विसरला तरी काम अडू नये. त्यांची मुलगीही बरोबर होती, नऊ-दहा वर्षांची, हलकी, सारखी टुणटुणणारी. तिला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणी आणि ती जुळी एकाच जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात जायची, आणि तिथल्या सरांना सुट्टीआधी सगळ्या पालकांतर्फे काहीतरी द्यायचं होतं.

"कप नको," जुळ्यांची आई म्हणाली. "सरांच्या घरी कपांचं दुकान लागलंय. काकू म्हणतात, पाहुणे कमी आणि कप जास्त."

"पेन?"

"दिलंय. घड्याळ दिलंय. फोटोची चौकट तर दोनदा दिली."

"गेल्या वर्षीची पाण्याची बाटली तुम्हीच निवडली होती ना?" चिमणीची आई नवऱ्याला म्हणाली. "पिशवीत गळली. सरांचा टॉवेल, कपडे, सगळं ओलं."

"वर्षभर तेच ऐकतोय मी," गॅरेजवाले म्हणाले. मग त्यांनी मला उचललं. झाकण लावलं, गच्च पिळलं, उलटं धरून हलवलं, कानाशी नेलं. "हा बघ. याला म्हणतात झाकण. यातून वारासुद्धा बाहेर येणार नाही."

चिमणीच्या आईने उघडून पाहिलं. तिला उघडेना. "एवढं घट्ट कशाला हो? माणसाला चहा प्यायचाय, तिजोरी फोडायची नाही."

गॅरेजवाले हसले. "अगं, सर रोज पोरं हवेत झेलतात. त्यांना झाकणाचं काय?"

ते सगळ्यांना पटलं. मीही त्या वेळी खूश झालो. वाटलं, चला, जोर असलेल्या हातात चाललो.

चिमणी इतका वेळ काचेला नाक लावून उभी होती. दुकानदाराने विचारलं, वर काय कोरू? मोठी माणसं विचारात पडली. चिमणी म्हणाली, "लिहा, आम्हाला सावरणाऱ्या हातांना."

दुकानदाराने तेच कोरलं. थोडी गुदगुली झाली, बाकी काही नाही.

क्लब म्हणजे एक जुनं गोदाम. वर पत्रा, पुढे लोखंडी शटर, आत सगळीकडे गाद्या, दोन बार, एक उंच पेटी आणि पायांच्या घामाचा वास. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी पोरांनी सरांना मधे बसवलं आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. सर साठीच्या पुढचे; बुटके, मान जाड, डोक्यावर केस नावाला. त्यांनी मला उजव्या हातात धरलं, चिमणीने सांगितलेलं वाचलं, आणि बराच वेळ माझ्याकडेच बघत बसले. पोरांना वाटलं, सरांना रडू आलं. थोडं आलंही असेल. पण मी त्या हातात होतो. अंगठा आणि दोन बोटं मला नीट धरत नव्हती. नुसती टेकली होती.

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी नवीन होतो.

सुट्टी संपल्यापासून मी रोज सरांबरोबर निघालो. सकाळी काकू चहा गाळत, माझ्यात ओतत आणि पदराने धरून झाकण पिळत. काकूंचा हात कणीक मळून तयार झालेला. वर म्हणायच्या, "अहो, गरम असतानाच प्या. पोरांच्या नादात विसराल."

"पितो, पितो," सर म्हणायचे.

पहिले काही दिवस प्यायलेही. एका हिसक्यात मी उघडायचो. मग एका हिसक्यात उघडेना, दोन लागले. मग ते मला गुडघ्यांत धरू लागले. मग टॉवेल गुंडाळून बघितला. एकदा त्यांनी मला पोटाशी घट्ट धरून डाव्या हाताने इतका जोर लावला की त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसली. मी माझ्या परीने सैल व्हायचा प्रयत्न केला. पण गरम चहा आत असला की झाकण आणखी आवळतं, ते काही माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत.

सर स्वतःशीच म्हणाले, "थंडीने होतंय."

मग थंडी गेली. ऊन तापलं, पत्र्याखाली पोरं घामाने न्हाली. सरांच्या बोटांतली थंडी मात्र तिथेच राहिली.

त्यांनी उघडायचं सोडून दिलं. पण मला न्यायचं सोडलं नाही. भेट दिलेली वस्तू सरांनी आणली नाही तर पोरांना काय वाटेल? म्हणून मी रोज क्लबाच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा. भरलेला, गरम आणि बंद. पोरं यायची, मला बघायची, खूश व्हायची.

घरी जाताना सर शेजाऱ्यांच्या ओट्यावर टेकायचे. तिथे सलूनवाले बसलेले असायचे. त्यांचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवायचा. हे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी बघायचे. "बघा, याचे कान झाकले असते तर किती बरा दिसला असता," असं चालायचं. सर मला त्यांच्यापुढे ठेवायचे. "शेठ, चहा घेणार का?"

"पाजणार असाल तर कोण नाही म्हणतंय."

सलूनवाले झाकण उघडायचे. अर्धा चहा त्यांना, अर्धा सरांना. रिकामा मी घरी जायचो आणि काकू म्हणायच्या, "संपवला? बघा, मुलांनी किती चांगली वस्तू दिली." सर मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी काकू झाकण आणखी थोडं पिळायच्या.

सलूनवाल्यांनी कधी विचारलं नाही की, तुम्ही स्वतः का उघडत नाही. एकदाच, चहा फुंकत फुंकत, रस्त्याकडे बघून ते म्हणाले, "मी दुकानात बसायचं का सोडलं, सांगितलं होतं का तुम्हाला?"

"पाठ दुखायची ना?"

"ते लोकांना सांगितलं. वस्तरा हातात असताना हात एकदा लटपटला. गिऱ्हाईकाचा डोळा लागला होता, त्याला कळलंसुद्धा नाही. पण मला कळलं ना."

सरांनी कप लवकर संपवला आणि ते उठले. मला वाटलं होतं, सर बोलतील. दोघांच्या मधे मी उघडा बसलो होतो, माझ्यातून वाफ जात होती. वाफेला शब्द फुटते तर मी सांगितलं असतं.

आता क्लबात सरांचं काम काय, ते सांगायला हवं. पोर गादीवर धावत येतं, उडी मारून हवेत उलटं होतं, आणि त्या क्षणी सरांचा एक हात त्याच्या पाठीखाली असतो, दुसरा मांडीखाली. हात लागतो न लागतो इतकाच. पण तो हात तिथे आहे, या भरवशावर पोर उलटं होतं. सगळी विद्या त्या भरवशात आहे. तिथे एक ताई होत्या, पूर्वी सरांच्याच विद्यार्थिनी; त्या लहान गटाला शिकवायच्या. मोठ्या उड्यांना मात्र सरच उभे राहायचे. पालक म्हणायचे, सर खाली आहेत म्हणजे काळजी नाही.

आणि मला खिडकीत बसून ठाऊक होतं की ज्या हाताला माझं झाकण फिरवता येत नाही, तोच हात पाठीखाली आहे.

पावसाळी ढग आलेल्या एका दुपारी चिमणी धावत आली. उडी सुरेख होती. पाय सरळ, अंग गोळा. ती उलटी झाली, सरांचा उजवा हात तिच्या पाठीखाली गेला, आणि बोटं मिटलीच नाहीत. ती त्या हातावरून घसरली. सरांनी डाव्या हाताने आणि अर्ध्या छातीने तिला धरलं. तिचं कोपर पेटीच्या कडेला लागलं.

चिमणी उठली, कोपर चोळलं आणि म्हणाली, "माझाच पाय चुकला, सर."

पाय चुकला नव्हता. मी बघितलं होतं. सरांनीही बघितलं होतं.

सर म्हणाले, "हं. जरा बस. पाणी पी." आणि ते खिडकीशी आले, पाठ सगळ्यांकडे करून उभे राहिले. त्यांनी उजवा हात माझ्यावर ठेवला. मी बाहेरून गारच असतो, त्यांना ऊबसुद्धा देता आली नाही. बराच वेळ ते बोटं मिटायचा प्रयत्न करत होते.

काय करणार होतो मी? गळणं मला जमत नाही, पडून फुटणंही जमत नाही. मला फक्त गरम ठेवता येतं.

त्यानंतर चिमणी माझ्याकडे फार बघू लागली. एकदा धीर करून तिने विचारलं, "सर, तुम्ही यातला चहा कधी पीतच नाही. आवडला नाही का?"

"कुठला? चहा की थर्मास?"

"दोन्ही."

"अगं, घरी जाऊन निवांत पितो. इथे तुम्ही पिऊ देता का मला?"

तिला ते पटलं नाही. पोरांना खोटं लगेच कळतं, पण कशाबद्दलचं खोटं ते कळत नाही. तिने घरी जाऊन सांगितलं की थर्मास लहान आहे, म्हणून सर पीत नसतील, उगाच पुरवून ठेवत असतील. मोठ्यांनीही तसंच ठरवलं. सर रोज थर्मास आणतात म्हणजे त्यांना तो फार आवडला आहे. तर या वर्षी त्याहून मोठा देऊ. माणसं एकदा कुणाची आवड ठरवून मोकळी झाली की पुन्हा विचारत नाहीत.

वर्ष फिरून आलं. पुन्हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, पुन्हा सर मधे. या वेळी पालकही आले होते. काकू आल्या होत्या. सलूनवालेसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले होते. गॅरेजवाल्यांनी खोका फोडला. माझाच धाकटा भाऊ म्हणा, पण अंगाने माझ्या दुप्पट. आत चहा भरूनच आणला होता.

"सर, या वर्षी नुसतं द्यायचं नाही," गॅरेजवाले म्हणाले. "चिमणीचा हट्ट आहे. पहिला कप तुम्ही आमच्यासमोर प्यायचा. झाकण मी स्वतः लावलंय, एक थेंब सांडणार नाही."

चिमणी समोर उभी होती. "उघडा ना, सर."

सर्वांचे डोळे सरांच्या हातावर. सरांनी हात झाकणावर ठेवला. फिरवला. माझ्या भावाने दाद दिली नाही. त्याचा दोष नाही. तो आमच्या घराण्याचाच. सरांनी पुन्हा फिरवला. त्यांचा कान लाल झाला. कुणीतरी म्हणालं, "अरे, सरांनासुद्धा?" आणि दोघं-तिघं हसले, प्रेमाने.

सरांनी तो चिमणीपुढे धरला. "तूच उघड. तुझा हट्ट आहे ना."

चिमणीने दात-ओठ खाऊन जोर लावला. तिलाही उघडेना. आता सगळा हॉल हसला. गॅरेजवाले पुढे झाले, एका पिळात झाकण काढलं आणि म्हणाले, "सरांनी पोरीची गंमत केली बघा. नाहीतर त्यांना काय अवघड होतं?" टाळ्या पडल्या. सर चहा प्यायले, डाव्या हाताने.

"आणि सुट्टीनंतर," गॅरेजवाले टाळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, "आमची चिमणी ती मोठी उडी शिकणार आहे. दोनदा उलटायचं ती. हिची आई घाबरते. मी म्हटलं, खाली सर आहेत, मी निर्धास्त झोपतो."

सरांनी मान डोलावली. खिडकीत बसून मी ती मान बघितली. नाही म्हणायला तेवढीच वेळ होती आणि ती गेली.

मागच्या बाकावर एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता.

सुट्टीभर धाकटा भाऊ खोक्यातच, कपांच्या मागे राहिला. मी रोज सलूनवाल्यांच्या ओट्यावर. काकू विचारायच्या, "नवा का नाही वापरत?" सर म्हणायचे, "जुन्याची सवय झाली." सरांची झोप गेली होती, ते काकूंना दिसत होतं. त्यांना वाटलं, वयाने. रोज उठून ते रबराचा चेंडू दाबत बसायचे. चेंडू दबायचा थोडा, पण बोटं दमून लगेच उघडायची. "जमेल," ते म्हणायचे. कुणाला म्हणायचे, कुणास ठाऊक. तिथे मी आणि चेंडू.

चाळीस वर्षं त्या हातांनी पोरं धरली होती. ते काढून घेतलं तर मागे काय उरतं, हा विचार त्यांना चेंडू दाबायला लावत होता. त्याला मी हट्ट म्हणणार नाही. भीतीच ती.

आणि मग ते धुकं उतरलं, क्लब उघडायचा दिवस आला, आणि सलूनवाले पुढे येऊन म्हणाले, "सर, जरा थांबा."

त्यांनी सरांच्या पिशवीतून मला बाहेर काढलं. झाकण उघडलं आणि नुसतं वर टेकवून परत दिलं. मग जे बोलायचं ते बोलले. सर निघाले. धुक्यात चालताना त्यांनी मला हातात धरलं होतं आणि माझ्यातला चहा डुचमळून त्यांच्या बाहीवर सांडत होता. त्यांनी पुसला नाही.

क्लबात चिमणी पायाला पावडर लावून तयार होती. सर गादीपर्यंत गेले, नेहमीच्या जागेवर उभे राहिले, तिथली गादी पायाने सारखी केली. मग ताईंना हाक मारली. "आजपासून तू इथे उभी राहा."

"गुडघा दुखतोय का, सर?"

"हात," सर म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हाताचं काम संपलं माझं."

चिमणी खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. त्या दिवशी तिने ती उडी मारली नाही. ताईंचा हात ओळखीचा व्हायला तिला वेळ लागला. गॅरेजवाले दुसऱ्या दिवशी येऊन गेले. सरांसमोर उभे राहून आपल्याच पंजांकडे बघत राहिले, आणि "चहा घेता का, सर?" एवढंच त्यांना सुचलं.

आता सर खुर्चीवर बसतात. तोंडाने सांगतात, "पाय जोड. मान आत. आता." डॉक्टरांकडे जाऊन आले, मानेतली कुठलीशी शीर दबली आहे म्हणे, उशीर झाला म्हणे. पोर हवेत गेलं की त्यांचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप वर उचलले जातात, आणि ते उतरलं की हळूच खाली येतात. कुणी तिकडे बघत नाही. मी बघतो.

मी खुर्चीशेजारी स्टुलावर असतो. माझं झाकण आता कुणी पिळत नाही. काकूंनाही कळलं आहे. त्या नुसतं टेकवतात. त्यामुळे चहा लवकर गार होतो. थर्मास असून चहा गार, हसायची गोष्ट आहे खरी. जे एक काम मला येत होतं तेही गेलं. पण सर तो गार चहा आपल्या हाताने पितात, पोरांच्या देखत. चिमणी बघते आणि तिला बरं वाटतं.

बाकी माझं मागणं फार नाही. सुट्टी जवळ आली, की तुम्हीही कुणा सरांसाठी, कुणा ताईंसाठी काहीतरी घ्यायला निघाल. जरूर घ्या. खोकाही चांगला बघा. पण आधी एकदा त्यांचा हात हातात घेऊन बघा. आम्हा वस्तूंना तो रोज कळतो, आणि आम्हाला सांगता येत नाही.

राहिलं ते सलूनवाल्यांचं बोलणं. त्या सकाळी माझं झाकण सैल करून, मला सरांच्या हातात देताना ते धुक्यात उभे राहून हळूच म्हणाले होते, "झाकण मी रोज उघडून देईन, सर, माझा हात चालतोय तोवर देईन. पण पोर हवेत असतं तेव्हा मी तिथे नसतो."